दोघांपुरती शेगडी

मच्छिंद्रनं हातात दिलेला लाकडाचा तुकडा मरियानं नाकाशी नेला, डोळे मिटून श्वास ओढला आणि ती म्हणाली, "आंब्याचं आहे ना हे? गोडसर वास आहे." आवाज अगदी सहज निघाला याचं तिला बरं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत तिला हे चांगलं जमायला लागलं होतं. आधी डोळे मिटायचे, थोडं थांबायचं, मग गोडसर, उग्र, हलका असा एखादा शब्द म्हणायचा आणि लगेच दुसऱ्या विषयावर जायचं. पण या वेळी दुसरा विषय सुचायच्या आत मच्छिंद्र कानाचा मोबाईल खाली करून पुढे आला. "अहो मॅडम, त्यो डबा न्हाई. फोनच्या नादात चुकून दिला मी. त्यात डिझेल मारलेली लाकडं हायेत, पेटवायला ठिवलेली." मरियाचा हात तसाच वर राहिला. तुकडा तेलकट होता हे बोटांना आता कळलं. तिच्या नवऱ्यानं, सायमननं, तो तिच्या हातातून घेतला. त्याला तो नाकाजवळ न्यावा लागला नाही. हातभर अंतरावरच त्याचा चेहरा आक्रसला आणि त्यानं तो तुकडा मच्छिंद्रच्या डब्यात परत टाकला. मरिया म्हणाली, जरा सर्दी झालीय. म्हटल्याबरोबर तिला कळलं की हे म्हणायला नको होतं. सकाळपासून ती एकदाही शिंकली नव्हती आणि हे सायमनइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार.

ते दोघं मच्छिंद्रच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आले होते ते मरियाच्या साठाव्या वाढदिवसाच्या भेटीसाठी. तुला काय हवं ते सांग, असं सायमन महिनाभर मागे लागला होता, आणि तिनं भाजायची शेगडी मागितली तेव्हा त्याला नवल वाटलं होतं. तीस-बत्तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवलेला हा माणूस. त्याची नखं कायम स्वच्छ, कपाटातले कपडे घडीवर घडी. गच्चीवर कोळसे पेटवून काही भाजायचं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. काय भाजणार, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं कणीस, रताळी, पनीर, कधी चिकन अशी नावं घेतली. मनात होतं ते सांगितलं नाही. मग त्यानं नेहमीच्या पद्धतीनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, बाल्कनी मोजली आणि विजेवर चालणारीच घ्यायची असं ठरवून टाकलं. ज्वाळा नाही, राख नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही. दुकानात मच्छिंद्रनं आधी विचारलं, किती माणसांसाठी. दोघंच, सायमन म्हणाला. मच्छिंद्रनं तीन नग पुढे मांडले होते. विजेची, उघडी लोखंडी शेगडी, आणि गोल झाकणाची एक, जिच्यात लाकडाची धुरी कोंडून पदार्थ शिजवता येत होता. झाकणाच्या शेगडीबद्दल मच्छिंद्र भरभरून बोलत होता. कोणतं लाकूड घातलं की कसा वास लागतो ते सांगत होता, आणि म्हणूनच त्यानं डबे उघडले होते. आता त्यानं एकेक डबा बंद करायला घेतला. मागे कुठेतरी कटरचा आवाज चालू होता. सायमननं खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, विजेच्या शेगडीकडे पाहिलं, मग लोखंडीकडे. "ही द्या," तो म्हणाला. उघडी, कोळशाची, जिला तो महिनाभर नको म्हणत होता ती.

स्कूटरवर मागे बसून शेगडीचं खोकं मांडीवर धरून येताना मरिया त्याच्या पाठीकडे बघत होती. पुणे रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. तो रोजच्यासारखाच सावकाश चालवत होता, हात दाखवून वळत होता. तिला वाटलं, आता तो काहीतरी विचारेल. सिग्नलला विचारेल, गाडी लावताना विचारेल. त्यानं विचारलं नाही. घरात आल्यावर त्यानं खोकं बाल्कनीत ठेवलं, हात धुतले आणि तो स्वयंपाकघरात गेला. मग तिला गॅसच्या रेग्युलेटरची खटक ऐकू आली. सिलेंडर बंद केल्याची. मरिया दिवाणावर बसली.

दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात तिला आठवडाभर ताप आला होता. साधा ताप, घरोघरी होता तसा. तो उतरल्यावर सकाळी तिनं चहात आलं किसून घातलं, आणि कपातून फक्त ऊब वर आली. दोन-चार दिवसांत वास येईल असं सगळे म्हणाले. महिना झाला, तीन झाले. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चार छोट्या बाटल्या दिल्या, लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि त्या वासाची मनात आठवण काढायची. ती काढायची. लवंग म्हटलं की दाढदुखी आठवायची, निलगिरी म्हटलं की वडिलांच्या छातीला चोळलेलं तेल, पण आठवणीतही वास नव्हता, चित्रच होतं. वर्ष उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, काहींचं येतं, काहींचं नाही येत, तुम्ही मनाची तयारी ठेवा. या उत्तराला ती घाबरली नाही. ती घाबरली होती आधीच, त्या सकाळी, जेव्हा दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि ती शेजारीच ओट्याशी मटार सोलत बसली होती. सायमन फिरून आला आणि दारातूनच ओरडला. खिडक्या उघडताना घाईत त्याच्याकडून कडी निघेना. तो एक शब्दही लागेल असं बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो फिरायला जाईनासा झाला. ती स्वयंपाकघरात असली की तो वर्तमानपत्र घेऊन तिथेच बसायचा, मधूनमधून मान वर करून हुंगायचा, आणि तिला आपल्याच घरात कुणीतरी पहारा ठेवल्यासारखं वाटायचं.

नाताळात शेजारच्या बाईंनी केक आणून दिला तेव्हा डब्याचं झाकण काढताना ती म्हणून गेली, "जायफळाचा वास येतोय." का म्हणाली ते तिला आजही सांगता येणार नाही. सण मोठा होता, घरात कागदाचे तारे लावले होते, सायमनचा चेहरा थकलेला होता. म्हटल्यावर तो चेहरा असा उजळला की तिला शब्द परत घेता येईना. तो खुर्चीत बसला आणि चष्मा काढून रडला. पुढच्या रविवारी त्यानं चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, उपासनेत तिचं नाव घेतलं गेलं, आणि साक्ष द्यायला ती उभी राहिली. प्रभूनं माझं ऐकलं, ती म्हणाली. दोनशे माणसांनी आमेन म्हटलं. ती खाली बसली तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं तिचा हात दाबला. सायमन पुन्हा फिरायला जाऊ लागला. ती मात्र एकटी स्वयंपाक करताना दर पाच मिनिटांनी बर्नरशी वाकून ज्योत डोळ्यांनी तपासायची, मागे हटायची, पुन्हा वाकायची.

आणि एक गोष्ट होती जी तिनं डॉक्टरांना सांगितली नव्हती, सायमनला नाही, कुणालाच नाही. आपल्या अंगाला वास येतो की नाही हे तिला आता कळत नव्हतं. ती दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा आंघोळ करायची. साबण अंगाला घासताना हातांची कातडी लाल व्हायची. चर्चमध्ये ती बाकाच्या टोकाला बसायची. कुणी शेजारून उठून गेलं की तिला वाटायचं, का उठली असेल ही. आणि असं घासता घासता एकदा मोरीत तिला आपले लाल झालेले दंड दिसले, आणि ते आईचे दंड होते.

तिची आई बनुबाई नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या आठवडे बाजारात सुकी मासळी विकायची. बोंबील, सुकट, जवळा. गोणपाटावर ढीग, मागे पालथी टोपली, टोपलीवर आई. मरियाला शिकायला नगरच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई एक शनिवार सोडून एसटीनं यायची, फाटकाशी बसायची, बरोबर शेंगदाण्याचे लाडू नाहीतर भाजलेले हरभरे. मुली नाकाला ओढणी लावून फाटकावरून जायच्या. एका शनिवारी मरिया आईजवळ बसली नाही, उभी राहिली आणि म्हणाली, "आई, येताना आंघोळ करून येत जा." आईनं तिच्याकडे पाहिलं. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापासून खाली लाल होते, धुण्याच्या साबणानं आणि काथ्यानं घासलेले. तरी तो वास होता. मरियानं नाक मुरडलं असेल, किंवा नुसतीच मागे सरली असेल. आई म्हणाली, "आंगुळ करूनच आले हुते गं." एवढंच. त्यानंतर ती आली नाही, वडील येऊ लागले. याला पन्नास वर्षं होत आली. पुढे मरिया शिक्षिका झाली, मास्तरांच्या घराण्यात तिचं लग्न झालं, आणि त्या घरात सुकी मासळी कधी शिजली नाही. आई एकदाच राहायला आली होती. ती गेल्यावर सासूबाईंनी खिडक्या उघडल्या आणि चादर त्याच दिवशी धुवायला टाकली. सायमन तेव्हा तरुण होता. तो आईला काही बोलला नव्हता आणि सासूबाईंनाही काही बोलला नव्हता.

आई गेली त्याला बारा वर्षं झाली. तिचं एक लुगडं मरियानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ट्रंकेत ठेवलं होतं. वर्षातून एकदा, सायमन घरात नसताना, ती गाठ सोडायची आणि तोंड आत घालायची. ताप उतरल्यावर पहिल्यांदा तिनं तेच केलं होतं. प्लॅस्टिक गालाला चिकटलं, बाकी काही झालं नाही. नंतर तिच्या डोक्यात आलं की कदाचित नाक बरं असेल, लुगड्यातलाच वास उडून गेला असेल. हे कुणाला तरी विचारून कळलं असतं. पण कुणाला सांगणार, माझ्या मेलेल्या आईचं लुगडं हुंगून बघ म्हणून. मग तिनं मनाशी धरलं की बाटल्यांतली लवंग आणि गुलाब हे सगळं सौम्य आहे, परकं आहे. काहीतरी आडदांड हवं, निखाऱ्यावर चरचरलेला बोंबील, ज्याच्या वासानं बेलापुरात गल्लीच्या टोकाला कळायचं कुणाकडे काय चाललंय. तो वास तिच्या नाकाला ओळखेल. तिनं त्याला हाकललं होतं, पण तो ओळखेल. साठ वर्षांची, शिकलेली बाई असून ती यावर विश्वास ठेवत होती आणि आपण ठेवतो याची तिला भीती वाटत होती, कारण हे झाल्यावर पुढे करायला काही उरणार नव्हतं.

दुकानातून आल्यानंतरचे चार दिवस दोघं फार नीट वागले. सायमननं फिरायला जाणं थांबवलं नाही, पण निघण्याआधी ती खटक ऐकू यायची आणि आल्यावर पुन्हा. कोळशाची पिशवी त्यानंच आणली. तिला वाटायचं, आत्ता सांगावं. ताट वाढताना सांगावं, तो चष्मा पुसत असताना सांगावं. पण सांगायचं म्हणजे नाताळपासूनचं सगळं सांगायचं, ते रडणं, ती साक्ष, दोनशे माणसांचं आमेन. त्याला कळलेलं आहे हे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे हे त्यालाही. तरी मध्ये ते जे होतं ते कुणी उचलत नव्हतं. शनिवारी जेवताना तो भाजी चांगली झाली म्हणाला. भाजी तळाला लागलेली होती. मरियाला नंतर कढई घासताना काळं दिसलं. ती नळ सोडून तशीच उभी राहिली. तो नाताळपासून असाच खात आला असेल का, हा विचार तेव्हा तिला पहिल्यांदा आला, आणि तो डिझेलच्या तुकड्यापेक्षा भयंकर होता.

रविवारी उपासनेनंतर सायमननं तिला घरी सोडलं आणि जरा बाजारात जाऊन येतो म्हणाला. तो दोनच्या सुमारास आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांबट पुडा त्यानं टेबलावर ठेवला. कागदाच्या टोकातून वाळकी, वाकडी शेपटं बाहेर आली होती. "बोंबील आहेत," तो म्हणाला. "बाईनं चांगले बघून दिलेत." मग मोरीत जाऊन त्यानं हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले. मरिया टेबलाशी उभी होती. त्याला कसं कळलं हे तिनं विचारलं नाही. तेहतीस वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाला कशाकशावरून काय कळत असेल.

चार वाजता त्यांनी शेगडी गच्चीवर नेली. उन्हं तिरपी झाली होती, टाक्यांच्या पलीकडून आगगाडी गेली. कोळसे धरायला वेळ लागला; सायमन चित्रकलेच्या जुन्या फळीनं वारा घालत होता आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके उडत होते. निखारे लाल झाल्यावर त्यानं चिमट्यानं बोंबील जाळीवर ठेवले. ते आखडले, कडा करपल्या, निळसर धूर सरळ वर उठला. सायमननं नकळत तोंड बाजूला फिरवलं. मरिया पुढे झाली आणि धुरावर वाकली. तिनं डोळे उघडे ठेवले आणि छाती भरेपर्यंत श्वास ओढला. ठसका लागला. पुन्हा ओढला. घशात आग होती, डोळ्यांत आग होती, गालांवर झळ होती, आणि ज्या जागी काहीतरी उमटायला हवं होतं ती जागा धुतलेल्या पाटीसारखी कोरी होती. आई, ती मनात म्हणाली. तिनं जाळीवरचा एक बोंबील तसाच बोटांनी उचलला आणि नाकाला, वरच्या ओठाला दाबून धरला. चटका बसलेला तिला उशिरा कळला. सायमननं तिचं मनगट धरून हात खाली ओढला, बोंबील जमिनीवर पडला.   त्यानं बाटलीतलं पाणी तिच्या बोटांवर ओतलं, मग रुमाल भिजवून तिच्या ओठावर धरला, आणि ती तशीच, रुमालाआड तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात गच्चीचं लोखंडी दार करकरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या रविराजची आई, साळूबाई, कठडा धरून उंबऱ्यात उभी होती. श्रीगोंद्याकडचं गाव सोडून ती दिवाळीपासून मुलाकडे राहत होती. गुडघ्यांमुळे ती जिन्यापर्यंतसुद्धा येत नाही असं मरियानं ऐकलं होतं, आणि मुलाच्या घरात मासमच्छी चालत नव्हती. म्हातारीला धाप लागली होती. "कोन भाजतंय गं बोंबील," ती म्हणाली. कुणी उत्तर द्यायच्या आत ती भिंतीच्या आधारानं पुढे आली आणि पालथ्या बादलीवर बसली. निजले होते, वासानं जाग आली, सून बाहेर गेलीय, असं ती धापेमध्ये सांगत राहिली. सायमननं भाजलेला एक बोंबील कागदावर काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लगेच खाल्ला नाही. नाकाशी धरला, आणि तिचे सुरकुतलेले डोळे मिटले गेले. नाकपुड्या हलल्या. तोंड किंचित उघडलं. मरिया बघत राहिली. आपण डोळे मिटतो तेव्हा असं दिसत नसणार, हे तिला कळलं, आणि या अनोळखी म्हातारीचा तिला असा मत्सर वाटला की हातातला रुमाल तिनं पिळून धरला.

"कसा येतोय?" मरियानं विचारलं.

साळूबाईनं डोळे उघडले. "कसा म्हंजी? बोंबलाचा येतोय." मग ती मरियाच्या ओल्या चेहऱ्याकडे, लाल ओठाकडे बघत राहिली. "तुला न्हाई येत व्हय?"

सायमनचा चिमटा जाळीवर थांबला.

"नाही," मरिया म्हणाली. "दीड वर्ष झालं. नाताळात सगळ्यांना सांगितलं मी, आला म्हणून. चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. ते खोटं होतं."

हे ती साळूबाईकडे बघूनच बोलली. सायमनकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. म्हातारीला नाताळ आणि चर्च यांतलं काय कळलं कोण जाणे, तिला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. तिनं बोंबलाचं टोक दातांच्या एका बाजूनं तोडलं, चघळलं. "मंग ह्ये कशापायी पेटिवलं?" ती म्हणाली.

मरियानं शेगडीकडे पाहिलं. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरायला लागला होता. आता खाली जायचं, शेगडी थंड झाली की खोक्यात घालायची, उद्या सकाळी चहा करायचा, बर्नरशी वाकायचं, परवाही वाकायचं, मरेपर्यंत वाकायचं. तिला वाटलं आपण इथेच बसून राहावं, जमिनीवर, आणि कुणी उठवू नये.

"मी म्हटलं पेटवू," सायमन म्हणाला. "मला आवडतात."

त्यानं जाळीवरचा एक बोंबील चिमट्यानं उचलला, फुंकर मारली आणि अर्धा तोडून तोंडात घातला. दोघी बायका त्याच्याकडे बघत होत्या. पहिल्या चाव्याला त्याचे डोळे बारीक झाले. घशाशी काहीतरी वर आलं, ते त्यानं दाबलं. तो चावत राहिला, बराच वेळ, कपाळावर घाम आला तरी चावत राहिला, आणि गिळलं. मग उरलेला अर्धा तुकडा हातात धरून तो मरियासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या बोटांना कोळसा लागला होता.

"खारट आहे फार," तो म्हणाला.

तिनं तो तुकडा घेतला आणि जिभेवर ठेवला. आधी नुसतं चिवट लाकूड होतं. तिनं चावलं. आणि जिभेच्या कडांना, हळूहळू, मीठ लागायला लागलं. तेवढं तिला कळत होतं.

"हो," मरिया म्हणाली. "खारट आहे."